इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यावी की ट्रक? बुकिंगआधीचे तुमचे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची इलेक्ट्रिक एसयूव्ही आणि पिकअप ट्रकच्या प्री-बुकिंगबद्दल बरीच पत्रं आलीत. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही, म्हणून जास्तीत जास्त लोकांच्या कामी येतील असे प्रश्न निवडलेत. आकडे मैल, पौंड आणि डॉलरमध्येच ठेवलेत, कारण तुम्ही शोरूममध्ये किंवा कंपनीच्या साइटवर बघणार तेही तेच.

प्रश्न : नमस्कार. आम्ही नवरा-बायकोने मिळून तीन ठिकाणी डिपॉझिट भरून ठेवलंय, स्काउट टेरा ट्रकचे १०० डॉलर, रिव्हियन आर२ चे १०० आणि स्लेट ट्रकचे ५०. सगळे रिफंडेबल आहेत म्हणून बिनधास्त भरले, पण आता तुलना करायला बसलो तर कशाची कशाशी करायची तेच कळत नाहीये. किंमत धरायची की रेंज? – टेक्सासहून एक वाचक

ताई, आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, तुम्ही अजून काहीच विकत घेतलेलं नाहीये, फक्त रांगेत जागा धरलीय. किंमत, रेंज (एका चार्जमध्ये गाडी किती मैल जाते ते), फीचर, डिलिव्हरीची तारीख यातलं काहीही त्या १०० डॉलरने बांधलेलं नसतं, जोवर बुकिंगच्या अटींमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं नाही तोवर.

हे मी घाबरवायला सांगत नाही, असं खरंच झालंय. टेस्लाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सायबरट्रक दाखवला तेव्हा सुरुवातीची किंमत ३९,९०० डॉलर सांगितली होती आणि सगळ्यात वरच्या मॉडेलची रेंज ५०० मैलांपेक्षा जास्त. लोकांनी १००-१०० डॉलर भरले. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी पहिल्या गाड्या दिल्या तेव्हा ऑल-व्हील-ड्राइव्हची किंमत होती ७९,९९० डॉलर, रेंज ३४० मैल. कमी पडणारी रेंज भरून काढायला बेडमध्ये (ट्रकच्या मागच्या सामानाच्या जागेत) बसवायची जादा बॅटरी येणार असं सांगितलं होतं, तीही २०२५ मध्ये रद्द झाली. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगचं बघा, सगळ्यात साधं 'प्रो' मॉडेल ३९,९७४ डॉलरला जाहीर झालं, मग वाढत वाढत मार्च २०२३ मध्ये ५९,९७४ वर गेलं आणि त्याच वर्षी जुलैत परत ४९,९९५ वर आलं. म्हणजे मार्चमध्ये घेणाऱ्याने चार महिन्यांच्या फरकाने दहा हजार डॉलर जास्त मोजले. आणि रिव्हियनने १ मार्च २०२२ ला किमती वाढवल्या तेव्हा आर१टी ट्रक साधारण १७ टक्के आणि आर१एस एसयूव्ही २० टक्के महागली, तीही आधी बुकिंग करून थांबलेल्या लोकांनासुद्धा. लोक इतके भडकले की दोनच दिवसांत कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागून जुन्या बुकिंगवाल्यांना जुनीच किंमत ठेवली. ती चांगुलपणाने ठेवली, बुकिंगच्या कागदाने नाही.

तेव्हा तीन बुकिंग ठेवलीत त्यात चूक काही नाही, पण बुकिंग आणि ऑर्डर यातली रेष कुठे आहे ते प्रत्येकाच्या अटी वाचून बघा. साधारणपणे कंपनी 'आता तुमची गाडी कॉन्फिगर करा' असा मेल पाठवते, रंग-चाकं-बॅटरी निवडली आणि कन्फर्म केलं की नवा करार सुरू होतो, आणि तिथले पैसे बऱ्याचदा परत मिळत नाहीत. तो मेल यायच्या आत तुमचा निर्णय झालेला असला पाहिजे, मेल आल्यावर घाईत नाही.

आता तुलना. तुमच्या तीन गाड्या एका वर्गातल्याच नाहीत. स्लेट हा छोटा दोन सीटचा ट्रक, जादा किट बसवून त्याची पाच सीटची एसयूव्ही करता येते, साध्या बॅटरीवर १५० मैल आणि मोठीवर २४० मैलांचं लक्ष्य कंपनीने सांगितलंय, आणि ओढायची ताकद १,००० पौंड. स्काउट टेरा पूर्ण मोठा ट्रक, नुसत्या बॅटरीवरचा प्रकार १०,००० पौंडांवर ओढेल असं म्हणतात, बॅटरीवर ३५० मैल किंवा आत पेट्रोलचा जनरेटर असलेल्या प्रकारात ५०० मैल. आर२ ही मधली पाच सीटची एसयूव्ही. म्हणून किंमत आणि रेंज समोरासमोर मांडून काही हाती लागणार नाही, आधी तुमच्या घरातलं या गाडीचं सगळ्यात जड काम कोणतं ते लिहून काढा. वर्षातून एकदा होणारं नको, दर महिन्याला होणारं. ते काम जिला झेपत नाही तिचं डिपॉझिट आजच परत मागा. बहुतेक वेळा इथेच तीनाची एक उरते.

प्रश्न : आमच्याकडे ६,००० पौंडांचा कॅम्पर ट्रेलर आहे, चौघांचं कुटुंब. रिव्हियन आर१टी ११,००० पौंड ओढते म्हणतात, लाइटनिंग १०,०००, सायबरट्रक पण ११,०००. मग ६,००० तर आरामात व्हायला पाहिजे ना? – कोलोराडोहून एक वाचक

ओढेल, आरामात ओढेल, इलेक्ट्रिक मोटरचा टॉर्क इतका असतो की चढावरसुद्धा मागे काही लावलंय असं फार वाटत नाही. अडचण दुसरीकडे आहे, आणि दोन ठिकाणी आहे.

पहिली रेंज. कॅम्परसारखा उंच चौकोनी ट्रेलर लावला की हायवेवर रेंज साधारण निम्म्यावर येते, आणि यात वजनापेक्षा हवेचा अडथळा जास्त खातो, म्हणून तितक्याच वजनाचा बसका, सपाट ट्रेलर पुष्कळ कमी त्रास देतो. एक हिशोब करून बघू. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ किलोवॅट-तास (म्हणजे विजेची युनिटं) वापरता येतात, रेंज ३२० मैल, म्हणजे एका किलोवॅट-तासाला जवळपास अडीच मैल. ट्रेलर लावल्यावर तेच सव्वाच्या आसपास धरा, झाले साधारण १६० मैल. पण प्रवासात तुम्ही बॅटरी शून्यापर्यंत नेत नाही, आणि फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांच्या पुढे चार्जिंग इतकं मंदावतं की तिथे थांबण्यात अर्थ नसतो. म्हणजे एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत वापरायला मिळते ती ८० ते १० टक्क्यांमधली ७० टक्के बॅटरी. १६० चे ७० टक्के म्हणजे ११२ मैल. दर ११० मैलांना थांबायचं, आणि बहुतेक चार्जिंगच्या जागा गाडी नाकासमोर घुसवायच्या असतात, पेट्रोल पंपासारखं आरपार निघता येत नाही, म्हणजे ट्रेलर सोडवा, बाजूला लावा, चार्ज करा, परत जोडा. डोंगरातल्या रस्त्यावर संध्याकाळी पोरं कंटाळलेली असताना हे किती वेळा करायची तयारी आहे ते घरात सगळ्यांनी मिळून ठरवा, एकट्याने नको.

दुसरी अडचण पेलोडची, आणि याकडे फार कमी लोक बघतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. टोइंगचा, म्हणजे ओढायच्या ताकदीचा, मोठा आकडा जाहिरातीत असतो, पेलोडचा, म्हणजे गाडीने अंगावर पेलायच्या वजनाचा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. गाडीत बसलेली माणसं, सामान, आणि ट्रेलरच्या दांड्याचं हिचवर (गाडीमागच्या ट्रेलर जोडायच्या जागेवर) येणारं वजन, हे सगळं त्या पेलोडमध्ये धरायचं. दांड्याचं वजन ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, त्याहून कमी असेल तर ट्रेलर झोकांड्या खातो. तुमच्या ६,००० पौंडांचे झाले ६०० ते ९००. चौघांचे ६०० धरा, सामान-सायकली २००. बेरीज १,४०० ते १,७००. आर१टीचं पेलोड सुमारे १,७६० पौंड आहे, म्हणजे ११,००० ओढणाऱ्या ट्रकला तुमच्या ६,००० च्या ट्रेलरनेच जवळजवळ काठोकाठ भरलं. त्यात बेडवर तंबू किंवा रॅक बसवलात की तेही वजन त्यातूनच जाणार.

आणि जादा पॅकेजची किंमत धरायला विसरू नका, लाइटनिंगचे १०,००० पौंड फक्त मोठ्या बॅटरीवर आणि टोइंगचं खास पॅकेज घेतलं तरच मिळतात, साध्या मॉडेलवर नाही. तुम्ही दर पंधरवड्याला कॅम्पर घेऊन दोनशे-तीनशे मैल जात असाल तर मी स्पष्ट सांगतो, आजच्या कुठल्याच बॅटरी ट्रकमध्ये ते सुखाचं होणार नाही, जनरेटरवाल्या ट्रकची वाट बघा किंवा सध्याची गाडी ठेवा. उन्हाळ्यात दोन-तीनदा, शंभर मैलांच्या आत जात असाल तर खुशाल घ्या.

प्रश्न : कागदावरची रेंज आणि खरी रेंज यात किती फरक धरायचा? आमच्याकडे थंडी भयंकर. – मिशिगनहून एक वाचक

खिडकीवरच्या स्टिकरवर असतो तो ईपीएचा (अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेचा) आकडा, शहर आणि हायवे मिळून काढलेला, आणि त्यात शहराचा वाटा ५५ टक्के. इलेक्ट्रिक गाडी शहरात काटकसर करते आणि ७०-७५ च्या वेगाला जास्त पिते, पेट्रोल गाडीच्या बरोबर उलट, म्हणून लांबच्या प्रवासात स्टिकरएवढी रेंज मिळेल असं गृहीत धरू नका. ट्रकचं आणि उंच एसयूव्हीचं हे जास्तच होतं, समोरचा भागच एवढा मोठा असतो.

थंडीचं सांगायचं तर ट्रिपल-ए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या २० अंश फॅरनहाइटला हीटर लावून तपासल्या होत्या, सरासरी ४१ टक्के रेंज घटली. त्यानंतर हीट पंप (साध्या हीटरपेक्षा कमी विजेत गाडी गरम ठेवणारी यंत्रणा) आले त्यामुळे परिस्थिती सुधारलीय, पण सगळ्यांत नाहीत, लाइटनिंगला हीट पंप २०२४ च्या मॉडेलपासून आला आणि रिव्हियनच्या आर१ गाड्यांना दुसऱ्या पिढीपासून. मिशिगनमध्ये राहून हीट पंप आहे की नाही हे न विचारता बुकिंग करू नका.

आणखी एक, एकाच गाडीच्या दोन प्रकारांत रेंज वेगळी असते. लाइटनिंगची तीच मोठी बॅटरी, पण ३२० मैलांऐवजी महागड्या प्लॅटिनममध्ये ३०० मैल, कारण वजन जास्त आणि चाकं मोठी. तेव्हा जाहिरातीतला सगळ्यात मोठा आकडा ज्या प्रकाराचा आहे तोच प्रकार तुम्ही घेणार आहात का ते बघा, तुलना त्याच चाकांवर, त्याच बॅटरीवर करा. आणि ८,५०० पौंडांपेक्षा जास्त एकूण भारक्षमतेच्या (गाडी, माणसं, सामान सगळं मिळून) पिकअपला ईपीएचं स्टिकर लावायची सक्तीच नाही. हमर ईव्ही ट्रक तसाच, नुसती गाडीच ९,००० पौंडांच्या वर, तिचा रेंजचा आकडा कंपनीने स्वतः दिलेला होता. असा आकडा ईपीएच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका.

प्रश्न : आम्हाला खरं तर एसयूव्ही पुरेल, पण नवऱ्याला ट्रकच हवाय, कधीमधी लाकूड-माती आणता येईल म्हणतो. काय करावं? – न्यू जर्सीहून एक वाचक

गॅरेज मोजा. मी गंमत करत नाहीये ताई, टेप घ्या आणि मोजा. लाइटनिंग १९.४ फूट लांब आहे, सायबरट्रक १८.६, आर१टी १८.१. तेच आर१एस एसयूव्ही १६.७ फूट, किआ ईव्ही९ साडेसोळाच्या जरा खाली, आर२ साडेपंधरा. बऱ्याच घरांची गॅरेजं २० फुटांची असतात, पुढे कपाट, मागे दार, माणसाला वळून जायला जागा, मग लाइटनिंग बाहेरच राहते आणि चार्जरची केबल दाराखालून ओढायची वेळ येते. गाडी गॅरेजमध्ये मावते की नाही यावर रोजचं सुख जितकं ठरतं तितकं रेंजच्या वीस-तीस मैलांवर ठरत नाही.

बेडचंही बघा, आर१टीचा बेड साडेचार फुटांचाच आहे, लाइटनिंगचा साडेपाच, सायबरट्रकचा सहा. आठ फुटी प्लायवूड साडेचार फुटांत बेडचं मागचं दार उघडं ठेवूनच जाणार. कधीमधी माती आणायला हिच बसवलेली एसयूव्ही आणि भाड्याचा छोटा ट्रेलर पुरतो. पण मिस्टर सुतारकाम करत असतील, वीज नसलेल्या जागी हत्यारं चालवायची असतील तर त्यांची मागणी रास्त आहे, लाइटनिंगमधून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर काढता येते, त्यावर करवत, वेल्डिंग मशीन सगळं चालतं, आणि योग्य ती यंत्रणा घरात बसवली असेल तर वीज गेल्यावर घरसुद्धा. हे काम तुमच्या घरात खरंच आहे का यावर बोला दोघं.

प्रश्न : घरी साधं प्लग पॉइंट आहे, चालेल का? आणि बाहेर आता सगळीकडे टेस्लाचे चार्जर चालतात असं ऐकलं, मग वेगळं काही बघायची गरज आहे? – ओहायोहून एक वाचक

१२० व्होल्टच्या साध्या पॉइंटवर साधारण १.४ किलोवॅट मिळतात, मोठ्या ट्रकला तासाला तीन मैलसुद्धा पुरते भरत नाहीत. रात्रभरात तीसेक मैल. ऑफिस जवळ असेल तर जमेल, नाहीतर २४० व्होल्टची लाइन लागणारच. ४८ अँपिअरचा चार्जर ११.५ किलोवॅट देतो आणि त्याला ६० अँपिअरचं सर्किट लागतं, जुन्या घराच्या पॅनेलमध्ये तेवढी जागा नसली तर पॅनेलच बदलावं लागतं आणि तो खर्च हजारांत जाऊ शकतो. म्हणून इलेक्ट्रिशियनला गाडी यायच्या आधी बोलवा, बुकिंगच्याही आधी बोलावलंत तर उत्तम, तो आकडा गाडीच्या किमतीत धरूनच तुलना करा.

टेस्लाचे चार्जर फोर्डला फेब्रुवारी २०२४ पासून, रिव्हियनला त्याच वर्षी मार्चपासून उघडले, हे खरं. पण जुन्या सॉकेटच्या गाडीला अडॅप्टर लागतो, नव्या गाड्यांत तेच सॉकेट थेट येतंय. आणि यातली एक मेख विक्रेता सहसा सांगत नाही, ८०० व्होल्टच्या बॅटरी यंत्रणेच्या गाड्या टेस्लाच्या सध्याच्या बहुतेक चार्जरवर हळू भरतात. ह्युंदाई आयोनिक ९ हीच घ्या, ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के २४ मिनिटांत, टेस्लाच्या चार्जरवर ४१ मिनिटं, दोन्ही आकडे कंपनीचेच. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर कुठले चार्जर आहेत ते नकाशावर बघा आणि त्या चार्जरवरचा वेळ धरा.

प्रश्न : कंपनीच बुडाली तर? – कॅलिफोर्नियाहून एक वाचक

बुडतात हो. लॉर्ड्सटाउन मोटर्स जून २०२३ मध्ये, फिस्कर जून २०२४ मध्ये, कनू जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. १०० डॉलरचं डिपॉझिट हे त्यातलं सगळ्यात छोटं दुखणं, ग्राहकांच्या अनामत रकमेला दिवाळखोरीच्या कायद्यात ठरावीक मर्यादेपर्यंत इतर काही देण्यांच्या आधी जागा आहे, आणि क्रेडिट कार्डवर भरलेत तर बँकेकडे दाद मागता येते, म्हणून कार्डवरच भरा. खरं दुखणं गाडी घेतलेल्यांचं. फिस्कर ओशन घेतलेल्या लोकांना सॉफ्टवेअर कोण अपडेट करणार, पार्ट कुठून आणायचे, वॉरंटीचं काय, हे सगळं आपसात संघटना काढून बघावं लागलं. म्हणून नव्या कंपनीची गाडी बघताना विचारा, आजवर किती गाड्या लोकांच्या हातात आहेत, तुमच्यापासून सगळ्यात जवळचं सर्व्हिस सेंटर किती मैलांवर आहे.

स्काउटच्या मागे फोक्सवॅगन आहे, पैशाचं बळ वेगळं, पण त्यांना डीलरशिवाय थेट विक्री करायचीय आणि डीलरांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्यात. त्या निकालावर तुमच्या राज्यात गाडी कुठून मिळणार आणि दुरुस्तीला कुठे जाणार हे अवलंबून राहील, तेव्हा तिकडे लक्ष असू द्या.

प्रश्न : ७,५०० डॉलरची टॅक्स सवलत बुकिंग केल्या तारखेने मिळेल ना? – एक वाचक

नाही. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना केंद्राची ती सवलत बंद झाली, आणि आधीसुद्धा नुसतं रिफंडेबल बुकिंग चालत नव्हतं, बांधील करार आणि पैसे भरलेले लागायचे. स्लेटने एप्रिल २०२५ मध्ये 'सवलत धरून २०,००० च्या आत' अशी किंमत सांगितली होती ती याच कारणाने नंतर मागे घ्यावी लागली. तुमच्या राज्याची किंवा वीज कंपनीची काही सवलत असेल तर ती वेगळी शोधा. आणि बऱ्याच राज्यांत इलेक्ट्रिक गाडीला रजिस्ट्रेशनची जादा फी आहे, टेक्सासमध्ये वर्षाला २०० डॉलर, तीही हिशोबात घ्या.

प्रश्न : नवीन मॉडेलची पहिल्याच वर्षी गाडी घ्यावी, थांबावं, की सरळ वापरलेली लाइटनिंग घ्यावी? – इलिनॉयहून एक वाचक

पहिल्या वर्षी दोष निघतातच, रिव्हियनला ऑक्टोबर २०२२ मध्ये तोवर दिलेल्या जवळपास सगळ्या गाड्या सस्पेन्शनच्या एका बोल्टसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या. काम मिनिटांचं होतं, पण सर्व्हिस सेंटर दोनशे मैलांवर असेल तर मिनिटांच्या कामाला दिवस जातो. तुमच्या घरात दुसरी गाडी असेल आणि सेंटर जवळ असेल तर पहिल्या वर्षी घ्यायला हरकत नाही. एकच गाडी असेल तर वर्षभर थांबा, बुकिंग राहू द्या, तुमचा नंबर आला तर पुढे ढकलता येतो का ते अटींमध्ये बघून ठेवा.

वापरलेली लाइटनिंग मला तर टोइंग न करणाऱ्या माणसाला चांगला पर्याय वाटतो, किमती नव्याच्या मानाने बऱ्याच उतरल्यात. बघायला जाल तेव्हा व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख) नंबर एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून रिकॉलची, म्हणजे दोषासाठी कंपनीने गाडी परत बोलावलेली, कामं झालीत का बघा, छोटी बॅटरी की मोठी ते मालकाच्या तोंडून नको, कागदावर बघा, टेस्ला चार्जरचा अडॅप्टर सोबत देतायत का विचारा, आणि बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,००,००० मैल यातलं जे आधी संपेल ते, ती पहिल्या मालकाने गाडी घेतल्या तारखेपासून मोजतात. २०२२-२३ ची गाडी असेल तर हीट पंप नसणार, तुमच्या थंडीत हायवेवर किती मैल मिळतात ते मालकाला जानेवारीतलं विचारा, जूनमधलं नको.